मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या ब्लेडला हायड्रॉलिक कंट्रोल बसवायचंय? मग पाईप कापण्याआधी हे वाचा

अमेरिका-कॅनडात लोक छोट्या गार्डन ट्रॅक्टरला पुढे ४८ किंवा ५४ इंची ब्लेड लावून घरासमोरचा बर्फ सारतात, आणि ते ब्लेड कंपनीकडून येतं तेव्हा बरेचदा त्याला साधा हाताचा दांडा असतो, म्हणून तिथले हौशी लोक त्याला हायड्रॉलिक जोडत बसतात. आपल्या इंदुरात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. पण तेच ब्लेड १५ ते २५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढे लावलं की मुरूम पसरवणं, गोठ्यातलं शेण एका कोपऱ्यात लोटणं, पावसाळ्याआधी शेतरस्त्याचे खड्डे बुजवणं, खळं सपाट करणं ही कामं निम्म्या वेळात होतात. सांवेर, देपालपूर, महू, सिमरोल या भागात ज्यांची चार-सहा एकर शेती आहे आणि मोठा ट्रॅक्टर परवडत नाही त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळे इथेच चुकतात. लोक विचारतात जॅक (म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर) किती टनी घेऊ. जोर हा प्रश्नच नाहीये हो. जोर मिनी ट्रॅक्टरच्या पंपातही गरजेपेक्षा जास्त असतो. प्रश्न असा आहे की ब्लेड जमिनीवर मोकळं तरंगतं का, आणि दगडाला धडकल्यावर तो झटका कुठे जातो. ही दोन उत्तरं जमली तर बाकी सगळं नट-बोल्टचं काम आहे.

आधी हिशोब, मग बाजार

चार फूट लांब, १६ इंच उंच, ६ मिमी जाडीचा पत्रा धरला तर नुसता पत्रा साधारण २३ किलो भरतो. मागच्या पट्ट्या, खालची कटिंग एज, फ्रेम, पिना वगैरे धरून ७० किलो समजा. हे वजन फ्रेमच्या मागच्या पिनेपासून १ मीटर पुढे आहे आणि उचलायचा जॅक त्याच पिनेपासून ३५ सेंमीवर लागलाय, तर सरळ ओढीने २०० किलोचा जोर लागतो. जॅक तिरका बसतो, साधारण ४५ अंशात, म्हणून २८०-२९० किलो धरा.

आता ४० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक १५० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) किती ढकलतो? १९०० किलोच्या वर. ५० मिमीचा घेतला तर ३ टन. म्हणजे बाजारात जो सगळ्यात छोटा तयार जॅक सहज मिळतो तोही सहापट जास्त ताकदीचा आहे. ही जास्तीची ताकद फुकट मिळते असं वाटतं पण ती जाते फ्रेम वाकवायला. शिवाय तोच जॅक दोन्हीकडून चालणारा असेल आणि तुम्ही ब्लेड खाली दाबत राहिलात तर ७००-८०० किलोच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत येतात, आणि मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू. म्हणून उचलायला ४० मिमी पुरे, मोठा घेऊ नका.

ब्लेड डावी-उजवीकडे फिरवायच्या जॅकचा स्ट्रोक, म्हणजे रॉड किती लांब बाहेर येतो ते, काढायचा एक सोपा हिशोब आहे. दोन्ही बाजूंना ३०-३० अंश फिरवायचं असेल तर मधल्या किंगपिनपासून (जिच्यावर ब्लेड फिरतं ती पिन) जितक्या अंतरावर जॅकची पिन, तितकाच स्ट्रोक. २० सेंमीवर पिन तर २० सेंमी स्ट्रोक, २५ वर तर २५. यात दोन-तीन सेंमी मार्जिन ठेवा आणि फ्रेमला लोखंडी स्टॉपर वेल्ड करा म्हणजे जॅक स्वतःच्या टोकाला जाऊन आदळणार नाही.

ट्रॅक्टरकडे काय आहे ते ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ट्रॉली पलटवायची एक लाईन बाहेर काढलेली असते. त्यात एकच पाईप, म्हणजे तेल जातं आणि त्याच पाईपने परत येतं. आपल्याला उचल आणि अँगल दोन्ही हवेत, तर दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह लागणार, आणि त्याला प्रेशर लाईन वेगळी, रिटर्न वेगळी लागते. ट्रॉली लाईनमधून प्रेशर घेऊन रिटर्न गिअरबॉक्सच्या हाऊसिंगमध्ये सोडला तरी काम चालतं, पण मग मागची लिफ्ट आणि पुढचं ब्लेड एकत्र वापरता येत नाही, लिव्हरशी सारखी खटपट करावी लागते.

पंप इंजिनाजवळ असेल आणि तिथून लिफ्टच्या कव्हरपर्यंत बाहेरून स्टीलचा पाईप जात असेल तर नशीबवान आहात. आपला व्हॉल्व्ह त्या पाईपच्या मध्ये बसवायचा. पंपातून तेल आधी व्हॉल्व्हमध्ये, तिथून पुढे लिफ्टला. पंप आत गिअरबॉक्समध्ये असेल तर मात्र सीटखालच्या ब्लॉकमधूनच टॅपिंग मिळेल, ते कंपनीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर पाईपला हात लावण्याआधी डीलरला विचारा. पॉवर स्टेअरिंगच्या लाईनला कधीही हात लावायचा नाही, कितीही जवळ आणि सोयीची दिसली तरी.

दोन आकडे हातात हवेत, प्रेशर आणि फ्लो (मिनिटाला किती तेल येतं). प्रेशरसाठी २५० बारचं गेज टी लावून बसवा, लिफ्ट पूर्ण वर नेऊन लिव्हर क्षणभर धरून ठेवा, रिलीफ (जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) ओरडतो तेव्हाचा आकडा लिहून घ्या. फ्लोसाठी लाईनचा होज स्वच्छ कॅनमध्ये घट्ट बांधा, मध्यम आरपीएमवर १० सेकंद तेल सोडा आणि मोजा. अडीच लिटर आलं तर मिनिटाला १५ लिटर. मोजून झालं की तेल गाळून परत भरा.

१५ लिटरचा फ्लो छोट्या जॅकला भरपूर होतो. ४० मिमीच्या जॅकचा २० सेंमी स्ट्रोक एका सेकंदात संपतो, म्हणजे लिव्हरला बोट लागलं की ब्लेड धाडकन. त्याचा इलाज पुढे आहे.

व्हॉल्व्ह, म्हणजे खरं काम

सियागंजात किंवा सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियात जाऊन नुसतं "दो लिव्हर का डिस्ट्रिब्युटर दे दो" म्हणू नका. चार गोष्टी सांगायच्या.

पहिली, ओपन सेंटर पाहिजे. लिव्हर मध्ये असताना तेल आरामात आरपार गेलं पाहिजे. क्लोज सेंटर लावला तर पंप कायम रिलीफवर चालेल, इंजिन कण्हत राहील आणि तासाभरात तेल हात लावू देणार नाही इतकं तापेल.

दुसरी, कॅरी ओव्हर पाहिजे. म्हणजे पुढे लिफ्टला तेल देणारं वेगळं पोर्ट, जे आतून टँकच्या पोर्टपासून वेगळं केलेलं असतं. इथे दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "अरे भिया, टी वाले में से आगे लगा दो, चल जाएगा." नाही चालत. टी म्हणजे टँकचं पोर्ट, ते तेल बिनदाबाचं परत जायला केलेलं असतं. त्यातून पुढे लिफ्ट जोडली की लिफ्ट उचलताना पूर्ण १५० बार त्या पोर्टच्या बाजूला उभा राहतो, आधी स्पूलची (लिव्हरने आत सरकणाऱ्या दांड्याची) सील बाहेर येते आणि नशीब खराब असेल तर बॉडीच तडकते. पहिल्या दिवशी सगळं छान चालतं हाच त्यातला धोका, कारण रिकामी लिफ्ट उचलायला दाब फार लागत नाही, मग कल्टिव्हेटर लावलात की कळतं. कॅरी ओव्हरचा प्लग किंवा स्लीव्ह वेगळी घ्यावी लागते, ती त्याच व्हॉल्व्हची आहे ना हे दुकानातच बसवून बघा.

तिसरी, उचलायच्या लिव्हरला फ्लोट. यात लिव्हर पुढे ढकलून एका खाचेत अडकते आणि जॅकची दोन्ही तोंडं टँकला मोकळी होतात. मग ब्लेड स्वतःच्या वजनाने जमिनीवर बसतं, उंचवटा आला की वर जातं, खड्डा आला की खाली येतं. फ्लोट नसेल तर ट्रॅक्टरचं पुढचं चाक ढेकळावर चढलं की ब्लेड वर आणि उतरलं की ब्लेड जमिनीत, मागे वळून बघाल तर रस्त्यावर लाटा. मुरूम पसरवताना तर फ्लोटशिवाय हातात फावडं घेतलेलं बरं. व्हॉल्व्ह महाग पडतो, पडू द्या. पैसे वाचवायचे तर जॅकमध्ये वाचवा, इथे नको.

चौथी, अँगलच्या बाजूला क्रॉस रिलीफ. लिव्हर मध्ये असताना अँगलचा जॅक दोन्हीकडून बंद असतो, तेल दाबलं जात नाही, म्हणजे तो जवळपास लोखंडाचा दांडाच झाला. अशात ब्लेडचं एक टोक पुरलेल्या दगडाला धडकलं तर सगळा झटका जॅकच्या रॉडवर, पिनेवर आणि होजवर जातो. क्रॉस रिलीफ हा छोटा ब्लॉक त्या जॅकच्या दोन लाईनमध्ये बसतो आणि दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तेल एका बाजूकडून दुसरीकडे सोडतो, ब्लेड फिरून दगडाला वाट देतं. बर्फाच्या ब्लेडला यासोबत ट्रिप स्प्रिंगही असतात, धडक बसली की ब्लेड वरून पुढे झुकतं आणि परत उभं राहतं. आपल्या काळ्या मातीत दगड कमी, पण मुरमाच्या जागेत आणि महूकडच्या पथरीत दोन्ही लावा.

फ्रेम

यावर थोडक्यात, कारण प्रत्येक ट्रॅक्टरचं वेगळं असतं. ढकलायचा जोर नुसत्या नाकावर घेऊ नका. पुढच्या वेट ब्रॅकेटच्या भोकांना फ्रेम लटकवा पण दोन्ही बाजूंनी पट्ट्या मागे नेऊन गिअरबॉक्स किंवा मागच्या एक्सलजवळच्या बोल्टांना बांधा. चासीवर वेल्डिंग करायचं नाही, जी भोकं आहेत ती वापरायची. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा जॅकच्या रॉडमधून वाट काढतो आणि तिथे बारीक डाग पडतात. जॅक बसवूनच वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, त्यांना आधीच सांगा की जॅक खाली काढ.

पिना २५ मिमीच्या, ईएन ८ च्या, खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) बुश आणि ग्रीस निपलसकट करून घ्या. पिन दोन्ही कानांमध्ये धरलेली हवी, एका बाजूने लटकलेली नको.

होज आणि फिटिंग

पंपाची लाईन ३/८, रिटर्न आणि कॅरी ओव्हर १/२, जॅककडे जाणाऱ्या चार लाईन १/४ पुरतात. १/४ मध्ये तेलाला आपोआप थोडा अटकाव होतो, त्यामुळे मघाचं ते धाडकन कमी होतं, अर्धा इलाज तिथेच झाला. तरी अँगल जोरात फिरत असेल तर त्याच्या दोन लाईनमध्ये रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा) टाका. उचलायच्या लाईनमध्ये मात्र फार आवळू नका, कारण फ्लोटमध्ये ब्लेड त्याच लाईनमधून खाली येतं, ती तोंड दाबून ठेवली तर ब्लेड खड्ड्यात उतरेपर्यंत ट्रॅक्टर पुढे गेलेला असतो.

होज एक जाळीवाला (रबरात तारेची जाळी असते ती) घ्यायचा की दोन? १/४ चा एक जाळीवाला २२५ बारचा असतो, ३/८ चा १८०. १५० बारच्या सिस्टिमला चालतो. झटका खाणाऱ्या अँगलच्या लाईनला दोन जाळीवाला घ्या. लांबी मोजताना ब्लेड पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे नेऊन मोजा, सुतळी घेऊन मोजलं तर सगळ्यात बरं. ३/८ चा होज १३ सेंमीपेक्षा कमी त्रिज्येत वळवायचा नाही, १/४ चा १० सेंमीपेक्षा. होजवर छापलेली रेघ बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे, रेघ पिळलेली दिसली की होज पिळलाय, प्रेशर आलं की तो उलट फिरून नट सैल करतो.

होज कापताना आत रबर आणि तारेचा चुरा राहतो. होजला फिटिंग दाबून देणाऱ्याला हवा मारायला सांगा, घरी आल्यावर डिझेल घालून परत हवा मारा. हा चुरा स्पूलमध्ये गेला की लिव्हर अडकते आणि नवा कोरा व्हॉल्व्ह उघडावा लागतो.

आता चुड्या, म्हणजे फिटिंगचे आटे. आपल्याकडे बीएसपी चालते पण इम्पोर्टेड व्हॉल्व्हवर एनपीटी निघते, ही आट्यांची दोन वेगळी मापं आहेत. १/४ आणि ३/८ मध्ये बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, त्यामुळे चूक असेल तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि कळतं. १/२ मध्ये मात्र दोन्हीला १४ आटे, म्हणून चुकीचं फिटिंग आरामात आत जातं आणि नंतर कितीही आवळा, टपकत राहतं. १/२ चं फिटिंग घेताना गेज लावूनच घ्या. सरळ चुडीला टेफ्लॉन टेप लावायची नाही, तिथे डाउटी वॉशर (आत रबराची कडी असलेलं धातूचं वॉशर) बसतं. टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जातात.

तेल, हवा आणि पहिली चाचणी

नवीन जॅक आणि होज मिळून एक ते दीड लिटर तेल खातात, ते ट्रॅक्टरच्या हाऊसिंगमधून कमी होणार. जे तेल आधीपासून आहे त्याच ग्रेडचं आणून ठेवा, दोन वेगळी मिसळू नका.

पहिल्यांदा जॅकच्या पुढच्या पिना काढून ठेवा, म्हणजे ब्लेडला न हलवता जॅक मोकळे चालतील. व्हॉल्व्हच्या रिलीफचा स्क्रू सैल करा. इंजिन आयडलवर, एक-एक लिव्हर हळू हळू टोकापर्यंत आणि परत, हवा निघेपर्यंत. तेलाला दुधासारखा फेस आला असेल तर इंजिन बंद करून चहा पिऊन या, फेस बसू द्या. मग लेव्हल बघून भरा, पिना लावा, गेज बघत स्क्रू आवळा. ट्रॅक्टरचा स्वतःचा रिलीफ १५० ला उघडत असेल तर आपला १३० ला ठेवा. ब्लेडसाठी त्याच्यावर नेऊन काही मिळत नाही, हिशोब वर केलाच आहे. यानंतर दोन्ही लिव्हर मध्ये ठेवून दहा मिनिटं इंजिन चालवा आणि व्हॉल्व्हच्या बॉडीला हात लावा. कोमट ठीक. चटका बसत असेल तर तेल आरपार जात नाहीये, कॅरी ओव्हरचा प्लग पुन्हा बघा.

लीक शोधताना हात फिरवायचा नाही. पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातून १०० बारच्या वरचं तेल कातडीतून सरळ आत घुसतं, बाहेरून मुंगी चावल्याएवढा डाग दिसतो, पहिले काही तास फारसं दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद-बिळद लावून घरी बसू नका, जवळच्या दवाखान्यातून मलमपट्टी करून परत येऊ नका, सरळ एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जिथे सर्जन लगेच मिळेल तिथे जा आणि "हायड्रॉलिक तेल प्रेशरने आत गेलंय" हे शब्द वापरून सांगा. होज काढण्याआधी इंजिन बंद, ब्लेड जमिनीवर, आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब मोकळा करा. उचललेल्या ब्लेडखाली लाकडी ठोकळा न लावता कोणी जायचं नाही, पोरं तर अजिबात नाही.

पंपाला हात लावायचाच नसेल तर

१२ व्होल्टचा पॉवर पॅक मिळतो, मोटर, पंप आणि छोटी टाकी एकत्र. ट्रॅक्टरच्या तेलाशी संबंध नाही, वॉरंटीची कटकट नाही. पण मोटर चालते तेव्हा १०० ते १५० अँपिअर खेचते, मिनी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर त्याच्या आसपासही जात नाही, म्हणजे सगळं बॅटरीतून. दिवसभर दर दहा सेकंदाला ब्लेड वर-खाली करणाऱ्याने हा नाद करू नये. गोठा आठवड्यातून एकदा साफ करायचा एवढंच काम असेल तर उत्तम आहे. ३५ स्क्वेअर मिमीची केबल, बॅटरीजवळ फ्यूज, आणि घेताना फ्लोट देणारा व्हॉल्व्ह त्यातही मागा, नुसता वर-खालीवाला देतात.

चालवताना

मागे वजन हवंच. थ्री पॉईंटला (मागची अवजारं लावायची जोडणी) १००-१५० किलोचा सिमेंटचा ठोकळा टांगा किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरा, नाहीतर ब्लेडसमोर ढीग झाला की मागची चाकं जागेवर फिरतात. मुरूम पसरवताना पहिला हात ब्लेड दोन बोटं वर ठेवून, लिव्हर मध्ये. दुसरा हात फ्लोटवर. अँगल देऊन चालवलं तर माल एका बाजूला पडत जातो, रस्त्याला मधे उंची ठेवायची असेल तर दोन्ही कडांकडून मधल्या बाजूला माल लोटत या. ब्लेडखालचे स्किड शू (ब्लेड जमिनीत घुसू न देणारे घसरते पाय) कच्च्या जागेवर थोडे उतरवून ठेवा, फरशी किंवा काँक्रीटवर वर घ्या. पावसानंतरच्या ओल्या काळ्या मातीत ब्लेड घालूच नका, ती ब्लेडला चिकटून गोळा होते आणि तुम्ही माती नाही, मातीचा गोळा ढकलत बसता. वाफसा येऊ द्या.

ट्रॅक्टर उभा करताना ब्लेड जमिनीवर, फ्लोटमध्ये. रात्रभर उचलून ठेवलं तर स्पूलमधून तेल झिरपून ते हळूहळू खाली येणारच, त्यात व्हॉल्व्ह खराब आहे असं नाही. पावसाळ्यात महिनोन्महिने उभा राहणार असेल तर जॅकचा जितका रॉड बाहेर राहतो त्यावर ग्रीसचा हात फिरवा, कारण रॉडवर गंजाचा एक खडा आला की तो पुढच्या हंगामात सील कापतो, आणि त्या मापाची सील किट शोधत फिरावं लागतं.